स्मरणकला : एकांतापासून आस्थेपर्यंत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध मातेच्या अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण करीत होतो. मंदिर माणसांनी भरले होते. दिवंगतांसाठी विनवणी करताना जिथे मृताचे नाव घ्यावयाचे असते, तिथे आम्ही आलो आणि थांबलो. नाव आठवेना. ज्या माउलीला नऊ वर्षे दर पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन आम्ही ख्रिस्तशरीर दिले, तिचे नाव ऐन वेळी आमच्या ओठांवर येईना. क्षण लांबला. अखेर पहिल्या बाकावरून तिच्या नातवाने ते हलक्या आवाजात उच्चारले. आम्ही ते त्याच्याकडून घेतले आणि प्रार्थना पुढे नेली. दफनानंतर कोणी आम्हांस बोल लावला नाही. उलट थोरला मुलगाच म्हणाला, "फादर, एवढी माणसं सांभाळायची म्हणजे व्हायचंच असं." त्याच्या या समजूतदारपणाने आम्ही अधिकच खजील झालो.

पन्नाशी उलटली की विसराळूपणाचे खापर वयावर फोडण्याची सोय असते. त्या रात्री ती सोय आम्हांस पुरेशी वाटली नाही. गुरुविद्यालयात असताना वक्तृत्वशास्त्राच्या तासाला आम्ही प्राचीन रोमन लोकांची स्मरणकला शिकलो होतो. परीक्षेपुरती ती वापरलीही होती. पिवळी पडलेली ती वही आम्ही पुन्हा उघडली. आणि काय योगायोग पाहा, वाचकहो, या कलेच्या जन्मकथेतच आमची गाठ एका अंत्यविधीशी पडली.

ही कथा सिसेरो या रोमन वक्त्याने इ. स. पूर्व ५५ मध्ये लिहिलेल्या 'दे ओरातोरे' या संवादग्रंथात सांगितली आहे. केऑस बेटावरचा ग्रीक कवी सिमोनायडीस हा थेसली प्रांतातील स्कोपास नावाच्या धनिकाच्या मेजवानीस गेला होता. यजमानाच्या स्तुतीसाठी रचलेल्या काव्यात त्याने कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांचेही बरेच गुणगान केले. तेव्हा स्कोपासने ठरलेल्या मोबदल्यातील निम्मीच रक्कम दिली आणि उरलेली त्या देवांकडून घे, असे सुनावले. थोड्या वेळाने बाहेर दोन तरुण भेटीस आल्याचा निरोप आला म्हणून कवी उठून गेला. बाहेर कोणी नव्हते. पण तेवढ्यात मागे मेजवानीच्या दालनाचे छत कोसळले. आत बसलेली सर्व माणसे चिरडून इतकी विद्रूप झाली की दफनासाठी आलेल्या आप्तांना आपला माणूस कोणता हे ओळखता येईना. त्या वेळी सिमोनायडीसला कोण कुठे बसला होता हे आठवले आणि त्या जागांच्या क्रमाने त्याने एकेका मृताची ओळख पटवून दिली. क्रमाने मांडलेल्या जागा हाच स्मृतीचा भक्कम आधार होय, हे त्याला यातून उमगले.

ही कथा इतिहास थोडा आणि आख्यायिका फार अशी आहे. तथापि तिचा आशय दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुढे वकिलांनी खटले जिंकण्यासाठी आणि राजकारण्यांनी सभा गाजविण्यासाठी जी विद्या वापरली, तिचे पहिले काम मृतांना त्यांची नावे परत देणे हे होते.

या कलेचे नियम तपशिलाने सांगणारा, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लॅटिन ग्रंथ म्हणजे हेरेन्नियस नामक गृहस्थास उद्देशून इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी लिहिलेला वक्तृत्वग्रंथ. त्याचा लेखक अज्ञात आहे. मध्ययुगात मात्र तो सिसेरोचाच समजला जाई. त्यातील पद्धत अशी. आधी परिचित वास्तूतील जागा क्रमाने मनात पक्क्या करावयाच्या. मग जे स्मरणात ठेवावयाचे त्याची एकेक प्रतिमा करून ती एकेका जागी ठेवावयाची. आठवण्याची वेळ आली की मनानेच त्या वास्तूतून फेरफटका मारावयाचा आणि ठेवलेली वस्तू उचलून घ्यावयाची.

वाचकांनी आपल्याच घरावर हा प्रयोग करून पाहावा. अंगण, ओटी, माजघर, अल्तार, स्वयंपाकघर, मागील दार या आपल्या जागा. समजा, आज विजेचे बिल भरावयाचे आहे, डॉक्टरांकडे जावयाचे आहे आणि भाचीच्या लग्नाच्या पत्रिका छापखान्यातून आणावयाच्या आहेत. तर अंगणातील जास्वंदीला फुलांऐवजी पेटलेले दिवे लागले आहेत, ओटीवर डॉक्टरसाहेब पाटावर बसून मेथी निवडीत आहेत आणि माजघरात पत्रिकांचा ढीग पंख्यापर्यंत पोहोचला आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. हसू आले तर उत्तमच. प्रतिमा साधी असेल तर मन तिच्यावरून घसरते, विलक्षण असेल तर अडकते, हे त्या अज्ञात लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वीच हेरले होते. प्रतिमेला मुकुट घाला, जांभळा झगा चढवा, रक्ताने वा चिखलाने माखा, असे तो सांगतो. मोजणी चुकू नये म्हणून दर पाचव्या जागी खूण ठेवावी, पाचव्या जागी सोन्याचा हात, दहाव्या जागी 'देसिमुस' नावाचा ओळखीचा माणूस. कारण त्या नावाचा अर्थच 'दहावा'. जागा फार उजेडाच्या नसाव्यात, फार अंधाऱ्याही नसाव्यात. दोन जागांत सुमारे तीस फुटांचे अंतर असावे.

आणखी एक नियम आहे, आणि आमच्या या लेखाचा सारा भार त्याच्यावर आहे. जागा निर्जन असाव्यात, असे तो लेखक बजावतो. माणसांची ये-जा प्रतिमांचे ठसे पुसट करते, एकांत त्यांची रेखीवता जपतो. एकांतासाठी लॅटिन शब्द आहे 'सोलितुदो'. हा शब्द वाचकांनी ध्यानी ठेवावा.

इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियन या शिक्षकाने या कलेकडे जरा संशयाने पाहिले. वस्तूंच्या यादीसाठी ती ठीक, पण सलग भाषण शब्दशः पाठ करावयाचे तर प्रत्येक शब्दासाठी प्रतिमा कुठून आणणार, असा त्याचा व्यवहारी सवाल होता. त्याने सांगितलेले उपाय आजच्या विद्यार्थ्यासही उपयोगी पडतील. मजकूर लहान तुकड्यांत पाठ करावा. ज्या पाटीवर लिहिला तिच्यावरूनच पाठ करावा, म्हणजे अक्षरांचे स्थानही मनात राहते. पुटपुटत पाठ करावा, म्हणजे डोळ्याला कानाची जोड मिळते. आणि रोज अभ्यास करावा. मध्ये एक रात्र गेली की पाठांतर आश्चर्यकारक रीतीने दृढ होते, हेही त्याने नोंदविले आहे.

संत अगस्तीन हे मूळचे वक्तृत्वाचे शिक्षक. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात ते स्मृतीला विस्तीर्ण मैदानांची आणि प्रशस्त वाड्यांची उपमा देतात. पण भाषणातील मुद्दे शोधण्यासाठी ते या वाड्यात शिरत नाहीत. तिथे ते देवाचा शोध घेतात. स्मृतीच्या वाड्याचा उपयोग आता बदलू लागला होता.

हा बदल पूर्णत्वास नेला तो तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी. 'सुम्मा थिओलॉजिए' या आपल्या महाग्रंथात त्यांनी स्मृतीला वक्तृत्वाच्या अंगणातून उचलून नीतिशास्त्रात आणले आणि विवेक या सद्गुणाचा एक घटक मानले. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. विवेक अनुभवातून येतो आणि अनुभव पुष्कळ आठवणींतून साकारतो. म्हणून जो विसरतो त्याला पुढचा निर्णय नीट घेता येत नाही. स्मृती निसर्गदत्त असली तरी सरावाने वाढते, असे सांगून ते चार सूचना करतात. पहिली, जे लक्षात ठेवावयाचे त्याला साजेशी पण किंचित अपरिचित प्रतिमा शोधावी. दुसरी, सर्व गोष्टी क्रमाने लावाव्यात. तिसरी, त्यांवर मनापासून आस्था ठेवावी. चौथी, त्यांचे वारंवार चिंतन करावे.

तिसऱ्या सूचनेला आधार म्हणून संत थॉमस त्याच जुन्या ग्रंथाचा दाखला देतात. पण 'सोलितुदो' या शब्दाच्या जागी त्यांच्या पानावर 'सोलिचितुदो' असा शब्द आहे. फ्रान्सेस येट्स या इंग्रज विदुषींनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि आर्ट ऑफ मेमरी' या ग्रंथात या फरकाकडे लक्ष वेधले. दोन-तीन अक्षरांचा फेर, पण 'सोलिचितुदो' म्हणजे काळजी, कळकळ, आस्था. मूळ ग्रंथात एकांत प्रतिमा जपतो; संत थॉमस यांच्या ग्रंथात आस्था प्रतिमा जपते. मूळ लेखकाच्या दृष्टीने हा पाठ चुकीचाच. परंतु काही चुका सत्याच्या अधिक जवळ जातात, असे आम्हांस वाटते. माणसे टाळून आठवण टिकते, असे रोमन वक्ता म्हणतो. मन लावल्याने ती टिकते, असे हा धर्मगुरू म्हणतो. या दोहोंतील कोणते खरे, याचा पडताळा इतिहासातच पाहू.

आपल्या भक्तिमार्गातील दोन रूढ गोष्टी पाहाव्यात. क्रुसाच्या वाटेत चौदा स्थाने असतात. प्रत्येक स्थानी एक चित्र, आणि भाविक क्रमाने एकेका स्थानापाशी जातो. जपमाळेत रहस्ये क्रमाने येतात आणि मणी बोटांना जागा दाखवितात. या भक्ती स्मरणकलेतून जन्मल्या, असे आमचे म्हणणे नाही. मात्र जागा, प्रतिमा आणि क्रम ही तिन्ही अंगे इथे उघड दिसतात. ज्या आजीबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही प्रभूचे दुःखसहन क्रमवार सांगता येई. आणि ही वाट निर्जन कधीच नव्हती; उपवासकाळातील शुक्रवारी सारा गाव ती चालत असे. संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात, ज्याला १५४८ मध्ये पोपमहोदयांची मान्यता मिळाली, चिंतनापूर्वी त्या प्रसंगाचे स्थळ मनात उभे करावयास सांगितले आहे. त्यांच्याच संघातील एका धर्मगुरूने पुढे स्मरणकला पूर्वेकडे नेली, आणि त्याची वाट गोव्यावरून गेली.

फादर मत्तेओ रिच्ची यांचा जन्म १५५२ साली इटलीतील माचेराता या गावी झाला. रोममधील येशूसंघीय महाविद्यालयात त्यांनी वक्तृत्व आणि गणित यांचा अभ्यास केला. सप्टेंबर १५७८ मध्ये ते गोव्यास उतरले. पुढील वर्षे त्यांनी गोवा आणि कोचीन येथे अध्ययन-अध्यापनात घालविली. कोचीन येथेच १५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. इथल्या स्थानिक विद्यार्थ्यांना उच्च धर्मशिक्षणापासून दूर ठेवण्याच्या धोरणास त्यांनी १५८१ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहून विरोध केला होता, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरणात ठेवावी अशी आहे. १५८२ साली ते मकावला पोहोचले आणि चिनी भाषा शिकू लागले.

१५९५ साली नानचांग या शहरात विद्वानांच्या एका बैठकीत रिच्ची यांनी उपस्थितांना मनास येतील ती चिनी अक्षरे कोणत्याही क्रमाशिवाय लिहावयास सांगितली, ती एकदाच वाचली आणि जशीच्या तशी म्हणून दाखविली. मग उलट्या क्रमानेही म्हटली. त्यांच्या स्वतःच्या पत्रातील हकिकतीप्रमाणे ती अक्षरे चारशे ते पाचशे होती. चीनमध्ये राज्यसेवेच्या परीक्षा पाठांतरावर अवलंबून असत. साहजिकच तेथील प्रांताधिकारी लू वान्गाय यांना आपल्या तीन मुलांसाठी ही विद्या हवीशी वाटली. त्यांच्यासाठी १५९६ साली रिच्ची यांनी चिनी भाषेत स्मरणकलेवर एक छोटे पुस्तक लिहिले.

त्यातील प्रतिमा मोठ्या मार्मिक आहेत. युद्धासाठी चिनी अक्षर आहे 'वू'. त्याचे दोन भाग पडतात. एकाचा अर्थ भाला, दुसऱ्याचा अर्थ थांबणे. म्हणून दालनाच्या एका कोपऱ्यात दोन योद्धे उभे करावयाचे. एक वार करण्यास सरसावलेला आणि दुसरा त्याचे मनगट धरून त्याला रोखणारा. 'चांगले' या अर्थाच्या 'हाओ' या अक्षरात स्त्री आणि मूल अशी दोन चिन्हे आहेत. म्हणून दुसऱ्या एका कोपऱ्यात लेकराला कडेवर घेऊन खेळविणारी दासी. परकी विद्या त्यांनी अशी यजमानांच्याच अक्षरांतून मांडली.

आणि तरीही ते पुस्तक फारसे उपयोगी पडले नाही. अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलाने ते काळजीपूर्वक वाचले आणि रिच्ची यांच्या एका मित्राजवळ मनातली गोष्ट सांगितली. नियम खरे आहेत, पण ते वापरण्यासाठीच मुळात उत्तम स्मरणशक्ती असावी लागते! याउलट, त्याच नानचांगमध्ये एक वर्ष आधी, १५९५ साली, रिच्ची यांनी मैत्री या विषयावर चिनी भाषेत जे पुस्तक लिहिले ते विद्वानांनी हातोहात नेले आणि पुनःपुन्हा छापले. स्मरणशक्तीच्या प्रयोगाने लोक थक्क झाले. मैत्रीच्या पुस्तकाने ते जवळ आले. १६१० साली बीजिंगमध्ये निधन होईपर्यंत रिच्ची तिथल्या माणसांतच राहिले.

त्या थोरल्या मुलाची तक्रार कितपत बरोबर होती? २०१७ साली 'न्यूरॉन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तिला अंशतः उत्तर दिले आहे. पूर्वी कधीही ही कला न शिकलेल्या सामान्य तरुणांना सहा आठवडे, रोज अर्धा तास, जागा आणि प्रतिमा यांचा सराव दिला गेला. बहात्तर शब्दांच्या यादीतील ज्यांना सुरुवातीस जेमतेम तिसाच्या आसपास शब्द आठवत, त्यांना सरावानंतर साठाहून अधिक आठवू लागले. चार महिन्यांनीही लाभ टिकून होता. म्हणजे असामान्य स्मरणशक्ती जन्मतः असावीच लागते, असे नाही. पण रोजचा अर्धा तास चुकत नाही. आणि संबंध नसलेल्या शब्दांची यादी म्हणजे माणसाचे नाव नव्हे.

आपल्या देशात स्मरणाची दुसरी एक वाट फार पूर्वीपासून होती. ती डोळ्यांपेक्षा कानांची. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पठणपद्धतींनी शब्द उलटसुलट गुंफून मंत्र बिनचूक जपले. जात्यावरच्या बायकांनी ओवी जपली. रिच्ची अजून भारतात असतानाच, ऑक्टोबर १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले. लोकांच्या स्मरणात तारणकथा रुजवावयाची तर ती त्यांच्याच छंदात सांगितली पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण लोकांनी ते ऐकले, गायले, हाताने उतरवून घेतले. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. कागद हरवला, ग्रंथ वाचला. एकांताने हे घडले नसते.

आता पुन्हा आमच्या वहीकडे. त्या अंत्यविधीनंतर आम्ही निश्चयाने सराव सुरू केला. आमचे मंदिर हाच आमचा वाडा. दारातील पवित्र जलाचे पात्र, स्नानकुंड, कबुलीजबाबाची जागा, संत अंतोनींचा पुतळा, प्रवचनमंच, वेदी अशा बारा जागा आम्ही ठरविल्या. आठवड्याची कामे, प्रवचनाचे मुद्दे, सभेतील विषय यांसाठी ही रीत उत्तम चालली, आजही चालते. प्रवचनाचा कागद आम्ही सोडला, त्याला आता सहा वर्षे झाली.

नावांच्या बाबतीत मात्र आमची फजिती झाली. एकेका बाकावर एकेका कुटुंबाची प्रतिमा आम्ही ठेवून दिली. रविवारी खरी माणसे आली आणि भलत्याच बाकांवर बसली! शिवाय एकाच आळीत पाच मेरी आणि चार अंतोन असतील तर प्रतिमा तरी किती करणार? जुन्या ग्रंथाने निर्जन जागा निवडावयास सांगितले होते, आणि धर्मगुरूच्या वाट्याला निर्जन जागा कुठून येणार? तेव्हा कुठे संत थॉमस यांचा तो बदललेला शब्द आम्हांस नीट कळला. नऊ वर्षे आम्ही त्या माउलीकडे जात होतो खरे. पण स्कूटर चालू ठेवल्यासारखे मन घाईत असे. प्रार्थना म्हणावी, प्रसाद द्यावा, पुढच्या घरी जावे. तिचे नाव आम्ही विसरलो नव्हतो. ते आमच्या मनात कधी नीट शिरलेच नव्हते. वयाला दिलेला दोष खोटा होता.

अलीकडे कुणी निवर्तले की आम्ही आदल्या संध्याकाळी त्या घरी जातो आणि थोडा वेळ नुसतेच बसतो. घरात त्यांना काय म्हणत, हे विचारतो. मग कुणी सांगते, आईला सगळी आळी 'मावशी' म्हणायची. कुणी सांगते, बाबा शेवटपर्यंत विहिरीचे पाणी स्वतः काढीत. ऐकता ऐकता स्नानसंस्काराचे नाव त्या मावशीला, त्या विहिरीला जाऊन चिकटते. मध्ये एक रात्र जाते, आणि क्विंटिलियनने सांगितले ते खरे ठरते. सकाळी वेदीपाशी ते नाव शोधावे लागत नाही.

तरीही मिस्साग्रंथात त्या पानावर नावाची चिठ्ठी आम्ही ठेवतोच. पुढच्या बाकावर बसलेल्या नातवावर पुन्हा ते काम पडू नये, एवढ्यासाठी.